बायकांच्या वेळेची सगुणाबाई

ठाण्यात आमच्या घराजवळ पोहण्याचा तलाव सुरू झाला, ते साल १९८८. मी एक्केचाळीस वर्षांची, बँकेत नोकरी. लहानपणी शहाडला नदीत बुडता बुडता वाचलेले, तेव्हापासून पाण्याची धास्ती. एकदाची ती घालवायची म्हणून नाव नोंदवलं. बायकांच्या वेळेसाठी आम्ही बाराजणी होतो.

पण व्यवस्थापक प्रधानसाहेब ऐकेनात. "परवान्यात अट आहे. बायकांच्या वेळेला जीवरक्षक बाईच हवी. ती मिळेपर्यंत कुणालाही पाण्यात उतरू देणार नाही."

"मग तुमचे नियमच पोहू देत!" मी तणतणत बाहेर पडले.

तीन महिने असेच गेले. एकदा बाजारात चेंदणी कोळीवाड्यातल्या सगुणाबाईकडून बोंबील घेताना मी हे सगळं बोलून गेले. ती हसली. "अगं बाय, मी खाडीतच वाढले. मना विचार ना!"

मी तिला थेट प्रधानसाहेबांपुढे उभी केली. ते म्हणाले, "परीक्षा द्यावी लागेल. प्रथमोपचारही शिकावे लागतील."

नऊवारीत उतरायला मनाई होती, म्हणून मी तिला पायघोळ पोशाख शिवून दिला. परीक्षेच्या दिवशी तिने तळाची वीट एका दमात वर आणली. मग साहेब म्हणाले, "आता बुडणारं माणूस काठाला आणून दाखवा."

बुडायला कोण तयार होणार? सगळ्या मागे सरल्या. सगुणाबाईने माझ्याकडे पाहिलं. "ये गं. मी हाय ना."

शिडी धरून मी खोल पाण्यात उतरले. हात सुटेना. डोळे मिटले आणि सोडला. नाकातोंडात पाणी गेलं, तेवढ्यात हनुवटीखाली तिचा हात आला. काठाला लागल्यावर मला रडू आलं, पण ते आनंदाचं.

पुढच्या सोमवारी आमची वेळ सुरू झाली. मे महिन्यात आमच्यातल्या मंदाकिनी सबनीसांच्या पायात गोळा आला आणि त्या मधोमध गटांगळ्या खाऊ लागल्या. आम्हाला कळेपर्यंत सगुणाबाईने त्यांना बाहेर काढलंसुद्धा.

त्याच दिवशी मी प्रधानसाहेबांच्या खोलीत गेले. "साहेब, तेव्हा मी फार बोलले. तुम्ही अडून बसलात, त्याचे उपकार आहेत आमच्यावर."

ते संकोचले. "माझे कसले? चला, सगुणाबाईंना चहा पाजू."

आम्ही तिघं काठावर बसून चहा प्यायलो. मंदाकिनीताई शेजारी टॉवेल गुंडाळून बसल्या होत्या. त्यांनी सगुणाबाईचा हात घट्ट धरून ठेवला होता.