एका तबकडीत कोंबलेलं घर

मित्रांनो, माझ्या अंगावर छापील चित्र नाही. निळ्या पेनानं नुसतं 'घर' लिहिलंय. मी स्वीडनमधल्या एका तळ्याकाठी, घरच्या घरी बनलेली डीव्हीडी आहे.

आमच्याकडे म्हातारी माणसं मरणाआधी आपला पसारा आपणच आवरतात. मागच्यांना ताप नको. गुनवोरआजीही आवरत होती. कपाटं रिकामी झाली, भिंती उघड्या पडल्या. शेवटी उरल्या व्हिडिओ कॅसेटी. त्या तिनं माझ्यात भरायला घेतल्या. रेकॉर्डरनं विचारलं, चित्र चांगलं हवं की जास्त तास मावायला हवेत?

"एकीत मावतंय तर दुसरी कशाला?" म्हणत तिनं जास्त तासांचं बटण दाबलं.

मला तेव्हाच धडकी भरली. कमी जागेत फार कोंबलं की बसलेली माणसं मी कशीबशी दाखवते, पण धावणारं, उड्या मारणारं मला पेलत नाही. त्याचे ठोकळे होतात. आणि शेवटच्या कॅसेटमध्ये होता टोर्केल, गुनवोरचा मुलगा. एका जागी कधी न बसलेला. लहानपणीच तळ्यावरच्या पातळ बर्फानं त्याला गिळलं. त्याचं हलतंबोलतं चित्र जगात तेवढंच.

गुनवोरनं माझी फक्त सुरुवात पाहिली. बाप्तिस्म्याचं जेवण, सगळे टेबलाशी स्वस्थ बसलेले. "झकास!" म्हणून तिनं मला बंद केलं. पुढचं पाहायची तिची छाती नव्हती.

शनिवारी तिची मुलगी यिल्वा तान्ह्या बाळाला घेऊन आली. जावई हेनिंगनं कॅसेटींचं खोकं उचललं.

"आई, शेवटपर्यंत बघितलीस ना?" यिल्वानं विचारलं.

"तू म्हणजे ना! निजलेल्या पोराचा श्वाससुद्धा दहादा तपासणारी. नीट आहे गं सगळं!"

गाडी कचरा केंद्राकडे निघाली. यिल्वाला मात्र चैन पडेना. बाळाला खांद्यावर टाकून तिनं मला लावलं आणि पुढे पळवलं. तळ्याचा काठ आला. एक लाल स्वेटर धावत आला, आणि चेहऱ्याच्या जागी करडे ठोकळे थरथरले.

तिनं मला बाहेर काढून मऊ फडक्यानं मधून कडेकडे पुसलं. मग वायर बदलली. मग लॅपटॉपमध्ये घातलं. प्रत्येक वेळी तेच ठोकळे. अगं, दोष डागाचा नाही, वायरचाही नाही. मला भरतानाच चुकलंय, हे मी कसं सांगणार?

तिचं तिलाच उमगलं. "मूळ कॅसेटवरून परत भरू. दोन-तीन तबकड्या घेऊ," ती म्हणाली, आणि तिचा हात फोनकडे धावला.

"हेनिंग, थांब, टाकू नकोस!"

"टाकल्या की. यंत्रानं चेपल्यासुद्धा. का गं?"

स्वयंपाकघराच्या दारात गुनवोर येऊन उभी होती. चष्मा डोळ्यांवर नाही, हातातच. माझ्यातून टोर्केलचा आवाज मात्र स्वच्छ येत होता: "आई, बघ ना! आई!"

"बघतोय का गं माझ्याकडे?" तिनं हळूच विचारलं.

यिल्वानं बाळाला घट्ट धरलं. पडद्यावर ठोकळे सरकत होते.

"हो आई. तुझ्याचकडे."

मित्रांनो, आमच्यावर भरवसा ठेवा, पण आधी आम्हाला शेवटपर्यंत पाहा. जो भाग पाहवत नाही, तोच सगळ्यात आधी. तोवर मूळ कॅसेट कुणाच्याही गाडीत चढू देऊ नका.