कारणाचा रकाना

शेंगदाण्याची पाकिटं.

मसुरीच्या दाण्याएवढी गोळी.

अकरा पानांचा कायदा.

साठ मैलांचा रस्ता.

मोदक.

मित्रांनो, या पाच गोष्टी एका काचेशी कशा जोडल्या गेल्या, ते सांगते. ती काच माझी. अमेरिकेतल्या एका लहान गावात विद्यापीठ आहे. त्याच्या आरोग्य केंद्राच्या दाराशी उभी असलेली, बटण दाबलं की वस्तू देणारी मी एक जुनी मशीन.

कारखान्यातून आले तेव्हा माझ्यात शेंगदाणे आणि चिप्स भरत. पुढे सुवर्णामावशी माझ्या रांगा लावू लागल्या. मावशी नागपूरच्या, इथल्या औषधांच्या खिडकीवर काम करतात. त्यांनी पॅड्स ठेवले, निरोध ठेवले आणि चूक झालीच तर गर्भ राहू नये म्हणून बहात्तर तासांत घ्यायची एक गोळीही ठेवली. मुली येत, बटण दाबत, खोकं खाली पडे. एकीनं माझ्या काचेला कपाळ टेकवलं होतं. एक "थँक यू" म्हणाली. मशीनला! मी थक्क व्हायची. एवढीशी गोळी, आणि एका माणसाची पुढची वीस वर्षं तिच्यावर तोललेली.

मग राज्याचा कायदा आला. विद्यापीठाच्या आवारात मूल टाळण्यासाठीचं काहीही विकायचं नाही, द्यायचं नाही. रोज घ्यायच्या गर्भनिरोधक गोळ्या दुसऱ्या कारणासाठी चालतील. ते कारण अर्जाच्या रकान्यात लिहायचं.

माझी मधली रांग रिकामी झाली. बटण दाबा. घर्रर्र. काही पडत नाही.

गावात दुसरं औषधाचं दुकान नाही.

एका मंगळवारी रुचा आली. पुण्याची, रसायनशास्त्रात संशोधन करणारी. तिच्या पट्टीत दोनच गोळ्या उरल्या होत्या. रकान्यात तिनं लिहिलं, 'मला सध्या मूल नको.' डॉक्टरांकडून अर्ज परत आला. नकार.

तिच्या मागे आन्या होती, मराठी घरातली, पण इथेच जन्मलेली. तिनं लिहिलं, 'पाळी पुढे ढकलायची आहे. घरी गणपती.' तिला पाकीट मिळालं. रुचाला हवं होतं तेच, निळ्या पट्टीचं.

"मॉम म्हणाली, आरतीला प्रॉब्लेम नको," आन्या म्हणाली.

"अगं रुचा, तूही गणपती लिही ना," मावशी कुजबुजल्या. "या महिन्यात अर्ध्या होस्टेलच्या घरी गणपती बसलाय. परवा त्या केटीनंही लिहिलं. मोदक आवडतात म्हणाली."

"मावशी, मी देव मानत नाही. मानत असते, तरी त्याच्या नावावर खोटं नसतं लिहिलं."

"काय हट्टी आहेस गं!"

"टेक माइन," आन्यानं पाकीट पुढे केलं. "बाप्पा विल मॅनेज."

"माझ्यासमोर नको, बाई! लायसन्स जाईल माझं."

"आणि पुढच्या महिन्यात?" रुचानं विचारलं.

आन्यानं पाकीट पिशवीत ठेवलं. माझी मोटर गुणगुणत होती.

रुचानं नवा अर्ज घेतला. तेच वाक्य पुन्हा लिहिलं, मोठ्या अक्षरांत. खाली पूर्ण नाव. नकार येणार हे ठाऊक असूनही कुणी इतक्या शांतपणे लिहितं, हे मी कधी पाहिलं नव्हतं.

मावशींनी चष्मा पुसला. "शनिवारी मला सुट्टी आहे. साठ मैल ड्राइव्ह करू, तिकडच्या दुकानातून घे. सकाळी आठ म्हणजे आठ! आणि डबा तू आण."

त्या शनिवारी गाडीत चौघी होत्या. पुढच्या शनिवारी दोन गाड्या निघाल्या. पुढच्या महिन्यात आन्यानंही रकान्यात खरं लिहिलं. तिलाही नकार आला.

आता नाकारलेले अर्ज, मुलींना विचारून, नावं दुमडून, मावशी माझ्या मधल्या रांगेत उभे करतात. अक्षरं काचेकडे. "हे विकायला नाहीत," त्या सांगतात. "म्हणजे कायदा मोडत नाही." एकाच अर्जावरचं नाव दुमडलेलं नाही.

मित्रांनो, माझ्यासमोर रांग लागते आणि कुणी बटण दाबत नाही. सगळे वाचत उभे राहतात. आत एवढं काय होतं, ते मला रिकामी झाल्यावर कळलं. तुमच्याशेजारी बसून कुणी त्या रकान्यात खरं लिहीत असेल, तर तिला एकटी सोडू नका.

रुचा जन्मली तेव्हा तिची आई एकोणीस वर्षांची होती, बी.एस्सी.च्या दुसऱ्या वर्षाला. तिसरं वर्ष राहूनच गेलं.