सामाईक अकरा गुंठे

विश्वजितराव प्रथम आमच्या अंगणात आले तेव्हा त्यांनी पायांतील चपला उंबऱ्यापासून चांगल्या दहा हात अंतरावर काढल्या होत्या. सोबत आणलेली प्लॅस्टिकची खुर्ची त्यांनी स्वतःच्या हाताने मांडली, तिच्यावर ते बसले आणि दुपारच्या टळटळीत उन्हात आमच्या घराकडे शांतपणे पाहू लागले. एखाद्या आजाऱ्याच्या समाचाराला आलेला मनुष्य खाटेकडे पाहतो, तसे ते पाहणे होते.

मी बाहेर येऊन विचारले, "कोण पावणं? कुणाकडं आलाय?"

"कुणाकडं न्हाय. आपल्याच जागंत बसलोय," ते हसून म्हणाले. "आकारामच्या हिश्श्याची खरेदी झाली की परवा. सातबाऱ्याला नाव लागंल आता. तुम्ही पिराजी न्हवं? वहिनींना म्हणावं, च्या नको, पाणी चालंल."

माझी पत्नी पूर्णिमा हिने तांब्या आणून दिला. पाणी पिऊन झाल्यावर त्यांनी तांब्या खाली ठेवला, उठून घराच्या कडेने सावकाश चालत गेले आणि परत आले. त्यांचे ओठ हलत होते. ते पावले मोजीत होते, हे मला मागाहून उमगले.

सदर जागेची हकीकत येथे सांगणे अवश्य आहे. कोल्हापूरहून कागलकडे जाताना ऊस विरळ होऊन घरे दाट होऊ लागतात, अशा ठिकाणी आम्ही चौघांनी मिळून दहा वर्षांपूर्वी अकरा गुंठे जमीन विकत घेतली. चौघे म्हणजे छापखान्यात पुस्तकबांधणी करणारा मी, माझा मित्र सिकंदर गवंडी, साखर कारखान्यातून निवृत्त झालेला आकाराम, आणि खानावळ चालविणाऱ्या बनाबाई. वस्तुतः आमच्यापैकी कोणासही अकरा गुंठे नको होते; घरापुरते दोन-तीन पुरेसे होते. परंतु त्या काळी आमच्या भागात अकरा गुंठ्यांहून लहान तुकड्याचे खरेदीपत्र नोंदले जात नसे. म्हणून सगळे करीत तेच आम्ही केले. एकच खरेदीपत्र, त्यावर चार नावे. सातबाऱ्यावर आमची नावे एकाखाली एक लागली. कोणाचे क्षेत्र किती तेही लिहिले गेले. तथापि कोणाचे कोठे, हे कोठेही लिहिले गेले नाही.

ते आम्ही आमच्या पद्धतीने ठरविले. त्यानंतरच्या रविवारी जागेवरच मटणाचा बेत झाला. जेवण्यापूर्वी बनाबाईंच्या परातीत चार चिठ्ठ्या टाकल्या आणि ज्याने जी उचलली ती जागा त्याची, असे सर्वांनी मान्य केले. रस्त्याकडील दोन तुकडे मला आणि सिकंदरला आले, मागील दोन आकाराम व बनाबाईंना. चुन्याची फक्की ओतून रेघा मारल्या. दुसऱ्या दिवशी हे सारे स्टॅम्पपेपरवर लिहून नोटरीकडून शिक्का घेतला. लिहिणारा दस्तलेखक म्हणाला होता, "हे आपसात चालंल. उद्या कुणी हिस्सा इकला, तर घेणाऱ्याला ह्या कागदाचं बंधन न्हाय बरं." मला वाटले, आणखी एखाद्या कागदाचे काम मिळावे म्हणून तो असे बोलतो. चौघांत कागद नीट वाचता येणारा मीच होतो. मी तो कागद दोनदा वाचला आणि सर्वांना सांगितले, "पक्का कागद हाय. काळजीचं कारण न्हाय."

सिकंदरने तेवढ्यावर पाया खणला. त्याने आधी माझे घर बांधले, मग स्वतःचे. घरपट्टी आमच्या नावे आली, विजेचे मीटर आले. घरपट्टीची पावती हाती असली म्हणजे माणूस मालक होतो, अशी माझी दहा वर्षे प्रामाणिक समजूत होती.

विश्वजितराव गेल्यावर मी आकारामला फोन लावला. तो आता गडहिंग्लजला मुलीच्या शेजारी राहतो.

"आकाराम, इकायच्या आधी एक शब्द तरी बोलायचास."

"माझा हिस्सा मी इकला. तुझी भिंत इकली का?" तो म्हणाला.

"माणूस कोण हाय ठावं हाय का तुला?"

"माझ्यासंगं चांगला वागला. मागचं सगळं रान त्यानं घेतलंय, तीन एकर. त्याला रस्ता पायजे. आनी रस्ता तुमच्या दोघांच्या दारातनं जातोय." एवढे बोलून तो थोडा थांबला. "पिराजी, तू बी त्याच्यासंगं गोडीनं वाग."

महिन्याच्या आत बनाबाईंनीही विकले. मी त्यांच्या खानावळीत गेलो, तेव्हा त्या पोळपाटावरून मान वर न काढता म्हणाल्या, "माझ्या जागंला वाट कुठं हाय रं? तू आनी सिकंदरनं पुढं घरं बांधली. मी काय उडत जाऊ? धा वरसं तुला इचारायचं म्हणत हुते." त्यांनी मला जेवून जाण्याचा आग्रह केला. मी जेवलो नाही.

विश्वजितराव आता रोज येऊ लागले. त्यांनी कधी आवाज चढविला नाही, कधी कोणास अपशब्द बोलले नाहीत. कधी खुर्ची घराच्या डाव्या अंगाला असे, कधी उजव्या. एके दिवशी ती आमच्या मोरीच्या भिंतीला टेकलेली होती, आणि पूर्णिमा दुपारपर्यंत अंघोळीस गेली नाही.

मी संयोगिता वकीलबाईंकडे गेलो. त्यांनी खरेदीपत्र वाचले, सातबारा वाचला, आणि नोटरीचा कागद बाजूला सरकविला.

"काका, ह्यात तुमचा हिस्सा अविभक्त आहे."

"म्हंजे?"

"म्हणजे तुमचे तीन गुंठे कुठले, हे कायद्याला माहीत नाही. अकरा गुंठ्यांतल्या प्रत्येक मुठीत तुमचा वाटा आहे. तसाच त्यांचाही. तुमच्या चुलीखालच्या मातीतसुद्धा."

"पण घर मी बांधलंय की, बाई."

"भिंती तुमच्या. खालची जमीन सगळ्यांची. एका सहहिस्सेदाराचा कब्जा हा सगळ्यांचाच कब्जा धरतात. त्यांना अंगणात बसू नका असं मी कुठल्या तोंडानं म्हणू?" त्यांनी चष्मा काढून पुसला. "आता शहरालगत तुकड्यांचा नियम सैल झालाय. म्हणूनच ते आत्ता आलेत. ते वाटणी मागतील. राजीखुशीनं झाली तर वाटणीपत्र नोंदवायचं, नाहीतर कोर्टात दावा. कोर्ट शक्यतो बांधलेलं घर ज्याचं त्याला देतं. पण शक्यतो, काका. मी खात्री देत नाही."

परत येताना एस.टी.त मला बसण्यास जागा मिळाली होती, तरी मी उभाच राहिलो. का, ते सांगता येत नाही.

त्यानंतर चार दिवसांनी विश्वजितरावांनी एक टाइप केलेला कागद माझ्या हाती दिला. वाटणीपत्राचा मसुदा होता. मी तो त्यांच्यासमोरच वाचला. रस्त्याकडील पश्चिमेचे तीन गुंठे, घरासह, माझे. पूर्वेकडील रस्त्यालगतचे पाच गुंठे विश्वजितरावांचे. मागील ओढ्याकडचे तीन गुंठे सिकंदरचे. सिकंदरचे घर पूर्वेकडे होते. मसुद्यात त्या घराचा उल्लेखच नव्हता.

"तुमच्या कौलाला बी धक्का न्हाय," ते म्हणाले. "चतुःसीमा लिहून, नोंदणी करून, तुमच्या एकट्याच्या नावाचा सातबारा हातात देतो. वहिनी निवांत झोपतील."

"आनी सिकंदर?"

"त्याला जागा हाय की. तेवढीच. एक फूट कमी न्हाय."

"त्याचं घर?"

"तो गवंडी हाय. बांधंल दुसरं." ते खुर्चीतून उठले. "तो माझं ऐकायचा न्हाय. तुमचं ऐकतोय. तुम्ही वाचून दावलं की तो सही करतोय, असं बनाबाई म्हणत हुत्या. काय वाचायचं, किती वाचायचं, ते तुम्ही बघा. मी त्यात पडत न्हाय."

घरात पूर्णिमेने सर्व ऐकले होते. ती स्वयंपाकघराच्या दारात उभी होती. तिने मला सही घे म्हटले नाही, घेऊ नको असेही म्हटले नाही. केवळ एवढेच म्हणाली, "हितनं उठून जायचं म्हटलं तर मी जाणार कुठं? मला तेवढं सांगून जावा."

सिकंदरच्या घरी पोहोचलो तेव्हा तो कामावरून नुकताच आला होता. केसांत सिमेंटची पूड होती. त्याची बायको नजीरा हिने चहा ठेवला. मी कागद काढताच त्याने खिशातून पेन काढले.

"कुठं करू सही?"

"आधी ऐकून घे."

"तू वाचलंयस न्हवं? मग मी काय नवीन ऐकणार?" तो नजीराकडे वळून म्हणाला, "हा भोंगा चालू झाला, तर च्या गार हुतोय बघ. छापखान्यात जाऊन बिघडलाय माणूस."

नजीरा हसली. मीही हसलो असेन. त्या क्षणी कागदाची तीन पाने माझ्या हातात होती आणि माझे घर तिसऱ्या पानावर होते. पहिली दोन पाने मी मोठ्याने वाचली : पक्षकारांची नावे, गटाचा क्रमांक, जमीन कोणी कोणाकडून केव्हा घेतली. तिसऱ्या पानाशी मी थांबलो. "बाकी नेहमीचंच हाय," एवढे म्हटले असते तर त्याने सही केली असती. हे वाक्य माझ्या जिभेवर तयार होते, हे मी येथे कबूल करतो. लपविण्यात अर्थ नाही.

मी तिसरे पान वाचले. सावकाश वाचले, आणि संपल्यावर ते साध्या भाषेत पुन्हा सांगितले.

नजीराने पुढे होऊन सिकंदरच्या हातातील पेन काढून घेतले आणि त्याचे टोपण लावले.

"पहिला कागद बी तूच वाचलावतास," सिकंदर म्हणाला.

"व्हय."

"तवा बी असंच हुतं ह्याच्यात?"

"तवा मला कळलं न्हवतं."

तो मान हलवीत राहिला. रागावला असता तर बरे झाले असते. तो म्हणाला, "च्या घे, गार झाला."

मी विश्वजितरावांना मसुदा परत केला. त्यांनी तो घडी घालून खिशात ठेवला. "खरं बोलला. शेजारी असा माणूस असावा," ते म्हणाले. पुढच्या आठवड्यात वाटणीच्या दाव्याचे समन्स आम्हा दोघांना आले. दाव्यात त्यांनी आता पूर्वेकडील जागा मागितली नव्हती. त्यांना माझी बाजू हवी होती.

निकाल लागेपर्यंत जागेत काही पाडू-बांधू नये, असा मनाईचा अर्ज वकीलबाईंनी दिला. त्याची तारीख पुढे गेली, मग आणखी पुढे गेली.

अशातच एका सकाळी आमच्या अंगणात एक जेसीबी येऊन उभा राहिला. त्याची पुढील लोखंडी बकेट जमिनीवर टेकलेली होती आणि तिचे दात आमच्या स्वयंपाकघराच्या भिंतीपासून दोन हातांवर होते. पोलीस चौकीत गेलो, तर तेथील हवालदार कागद पाहून म्हणाले, "त्यांच्या बी जागंत गाडी उभी हाय. ह्यात गुन्हा कुठला लिहू?"

त्या दिवसापासून रोज सकाळी आठ वाजता राजवर्धन नावाचा चालक मोटारसायकलवरून येई. आम्हाला नमस्कार करी. वर चढून यंत्र चालू करी, दहा मिनिटे तसेच ठेवी, बंद करी आणि निघून जाई. यंत्र जागचे हलत नसे. तेवढी दहा मिनिटे आमच्या फळीवरील भांडी एकमेकांवर वाजत राहत. मी एकदा त्याला विचारले, "हे कशासाठी?"

"बॅटरी उतरू नये म्हणून," तो नम्रपणे म्हणाला. "मालकांनी सांगितलंय, गाडी कायम तयार पायजे."

वीस-बावीस दिवस असे गेले. आम्हाला त्या आवाजाची सवय लागली, असे मी लोकांना सांगत असे. ते खरे नव्हते. पावणेआठ झाले की पूर्णिमा हातातील काम टाकून उभी राही, आणि यंत्र बंद झाल्यावरच तिचा श्वास सुटे.

आज सोमवार. मनाईच्या अर्जाची तारीख उद्याची आहे. राजवर्धन आठला आला. त्याने आज नमस्कार केला नाही, आमच्याकडे पाहिलेही नाही. यंत्र चालू झाले. मी घड्याळाकडे पाहत होतो. दहा मिनिटे झाली, पंधरा झाली. रस्त्याच्या पलीकडे विश्वजितरावांची गाडी उभी होती आणि तिच्या काचा वर होत्या.

वीस मिनिटांनी बकेट जमिनीपासून वीतभर उचलली गेली आणि तेथेच थांबली.

पूर्णिमा आत गेली. तिने फळीवरील भांडी एकेक करून उतरविण्यास सुरुवात केली. आधी काचेचे कप, मग पितळी डबे. एकेक भांडे ती जमिनीवर अंथरलेल्या चादरीत ठेवीत होती. आवाज होऊ नये अशा बेताने, जणू घरात कोणी निजले आहे.

सिकंदर आपल्या घरातून अनवाणी धावत आला. त्याने चालकाकडे पाहिले नाही. तो यंत्र आणि घर यांच्यामधील दोन हात जागेत शिरला, भिंतीला पाठ लावून उभा राहिला आणि दोन्ही तळवे मागे टेकवून आपणच बांधलेली ती भिंत चाचपू लागला.

"पिराजी," तो ओरडून म्हणाला, कारण यंत्राच्या आवाजात दुसरे काही ऐकू येत नव्हते, "वहिनीला भायेर काढ. आनी तू हितं ये, माझ्या शेजारी."

पूर्णिमेला बाहेर काढून मी त्याच्या शेजारी जाऊन उभा राहिलो. पाठीमागे भिंत थरथरत होती. समोर बकेट आणखी वर उचलली जाऊन तिचे दात आमच्या छातीच्या उंचीवर आले होते, आणि रस्त्यापलीकडील गाडीची काच हळूहळू खाली येत होती.