त्याच्या घरी

"एक टिंब द्यायचंय, ताई. फक्त एक टिंब," संपादकसाहेब म्हणाले आणि प्रूफचा शेवटचा कागद तिच्या टेबलावर सरकवून उभेच राहिले.

ते बसले असते तर तिला कमी भीती वाटली असती. साहेब बसून बोलले की विचारणं असे. उभं राहून बोलले की ठरलेलं असे.

तिनं ओळ वाचली. कथेची शेवटची ओळ होती. ‘मी त्याच्या घरी चालले आहे.’

"‘त्याच्या’चं ‘त्यांच्या’ करा. बस्स."

मासिकाच्या या कचेरीत तिला सगळे टिंबताई म्हणत. अकरा वर्षं ती इथं मुद्रितं तपासत होती आणि राहून गेलेला अनुस्वार तिला भातातल्या खड्यासारखा दाताखाली येई. नाव ठेवलं होतं अक्षरं जुळवणाऱ्या जुळारीकाकांनी. "आमच्या टिंबताई स्वर्गाच्या दारावरची पाटी वाचून आधी चूक दाखवतील," ते म्हणत, "मग आत जातील."

आताच्या ओळीत मात्र चूक नव्हती. कथेतल्या मुलीचं लग्न वडिलांनी एका भल्या माणसाशी ठरवलेलं असतं. त्या माणसाला ती कथाभर ‘ते’ म्हणते, मानानं. दुसरा एक असतो, वेगळ्या धर्माचा. त्याला ती ‘तो’ म्हणते. शेवटी पिशवी घेऊन ती निघते, शेजारीण विचारते, कुठं गं, आणि ती ही ओळ म्हणते. टिंब नसलं तर ती त्याच्याकडे गेली. टिंब दिलं तर वडिलांनी ठरवलेल्या घरी. पेनाच्या एका टोचणीनं मुलीचं लग्न फिरत होतं.

"लेखिकेला विचारलंय का, साहेब?"

"त्यांना काय विचारायचं? छपाईतली चूक म्हणू. टिंब काय, माशी बसली तरी उमटतं."

छपाईतली चूक म्हणजे टिंबताईची चूक, हे दोघांनाही माहीत होतं. साहेबांनी खिडकीकडे पाहिलं. तिथं काचेच्या जागी अजून पुठ्ठा होता.

गेल्या महिन्यातल्या अंकात अशीच एक कथा आली होती. दहाबारा माणसं आली, दगड मारून काच फोडली आणि ‘हे कोणी लिहिलं’ म्हणत आत घुसली. लिहिणारा दुसऱ्या गावी होता. सापडले ते हे तिघं. जुळारीकाकांच्या भुवईला तीन टाके पडले. टिंबताई टेबलाखाली होती, स्वतःची मूठ तोंडात कोंबून. दगड लागेल याची भीती तिला वाटलीच नव्हती. वाटत होती ती वेगळीच. यांच्यातल्या कोणी वाकून विचारलं, बाई, तुझ्या नवऱ्याचं नाव काय, तर?

तिचा नवरा लिफ्ट दुरुस्त करायचा, आंघोळीला तासभर लावायचा आणि लेकीची वेणी तिच्यापेक्षा चांगली घालायचा. त्याच्यात लपवण्यासारखं एवढं एक नावच होतं. घर भाड्यानं घेताना करारपत्र तिनं आपल्या एकटीच्या नावावर केलं. मालकीणबाईंनी नवऱ्याचं विचारलं तेव्हा तिनं सांगितलं, फक्त एक अक्षर बदलून. एका अक्षरानं माणूस इकडचा तिकडचा होतो, हे तिच्याइतकं कोणाला कळणार? दाराला पाटी लावली नाही. त्यानंतर नाव घ्यायची वेळ आली की ती ‘हे’ म्हणे. हे आले, हे गेले, यांना बरं नाही. घरात तो ‘तो’ होता, जिन्यात ‘हे’. दोन वर्षं निभावलं होतं.

पण आता लेक साडेतीन वर्षांची झाली होती. दिवसभर स्वतःभोवती फिरते म्हणून तिला भिंगरी म्हणत. आणि पाळणाघरात या आठवड्यात पोरांना पूर्ण नाव सांगायला शिकवत होते. हरवलं तर उपयोगी पडतं, असं तिथल्या बाई म्हणाल्या होत्या. ते ऐकल्यापासून टिंबताईची झोप उडाली होती.

"चारला हा फॉर्म छपाईला मशीनवर जायचाय," साहेब म्हणाले आणि आपल्या खोलीत गेले.

तिनं लाल पेन उघडलं. ‘त्या’वर टिंब दिलं, समासात खूण केली. दोन सेकंदांचं काम. टिंब जरा मोठंच पडलं.

तेवढ्यात टेबलावरचा फोन वाजला.

"मासिक का? मी त्या कथेची बाई बोलतेय. नर्स होते बघा, रिटायर झालेय." आवाज म्हातारा होता आणि घाईत होता. "मला जरा ते छापणाऱ्यांना सांगायचंय. शेवटच्या ओळीत टिंब नाहीये, ते मुद्दाम. लोकांना वाटतं म्हातारी विसरली."

टिंबताईनं कागदावर हात ठेवला, जणू फोनमधून दिसणार होतं.

"मीच बघते प्रूफं," ती म्हणाली. मग धीर करून, "पण आजी, ‘त्यांच्या’ असं आलं तर? काळ बरा नाहीये."

आता म्हातारीच्या आवाजातली घाई गेली.

"पोरी, आईला आपण अगं म्हणतो ना? आणि देवाला?"

"अरे म्हणतो."

"मग. ज्याचं भ्या वाटत नाही, त्यालाच माणूस ‘तो’ म्हणतं. मी चव्वेचाळीस वर्षं ‘त्यांच्या’ घरी राहिले. माणूस वाईट नव्हतं हं. पण पिशवी भरली होती मी एकदा, आणि परत कपाटात रिकामी केली. गोष्टीत तरी तिला जाऊ दे की."

"हो," टिंबताई म्हणाली.

"जेवलीस का?" म्हातारीनं विचारलं आणि उत्तर न ऐकता फोन ठेवला.

घड्याळात पावणेचार झाले होते. खाली रस्त्यावर मोटारसायकल थांबली; ती कान देऊन बसली. निघून गेली. तिला वाटलं, आपण राहू द्यावं टिंब. म्हातारी फार तर रडेल. पुन्हा दगड घेऊन येणाऱ्या माणसांपेक्षा रडणारी म्हातारी परवडली. असं वाटतच होतं आणि हात मात्र समासातली खूण खोडत होता. चुकून केलेली दुरुस्ती रद्द करायची तर शब्दाखाली टिंबांची रांग द्यायची आणि बाजूला लिहायचं: आहे तसे ठेवा. तिनं ‘त्याच्या’खाली टिंबं दिली. रांग वाकडी आली. वरचं एक खोडायला खालची सात लागली.

जुळारीकाका कागद न्यायला आले. त्यांनी रांग पाहिली, बोटानं भुवईवरचे टाके चाचपले. "साहेबांना दाखवलंत?"

"नाही."

"दाखवा," ते म्हणाले. "मी मागे उभा राहतो. पळायला जिना जवळ पडतो तिथून." पण हसले नाहीत.

साहेबांनी कागद बराच वेळ धरला. मग समोरची खुर्ची ओढून ते बसले. "घरी लहान मुलगी आहे ना तुमच्या?"

"आहे."

"मग?"

तिनं टिंबांच्या रांगेवर बोट ठेवलं. साहेबांनी दारातून बाहेरच्या खिडकीतल्या पुठ्ठ्याकडे पाहिलं, चष्मा काढून डोळे चोळले आणि कागद स्वतःच जुळारीकाकांच्या हातात दिला. "घ्या. आणि आज सगळे मागच्या दारानं जा."

पाळणाघरापासून घरापर्यंत तिनं तीनदा मागे वळून पाहिलं. भिंगरी तिच्या बोटावरचा लाल शाईचा डाग घासत चालली होती. "आई, तुला बाऊ झाला?"

"नाही गं. शाई आहे."

जिन्याच्या तळाशी मालकीणबाई खुर्ची टाकून विणत बसल्या होत्या. "आली का भिंगरी? आज काय शिकवलं गं?"

भिंगरी ताठ उभी राहिली. हात मागे बांधले. आपलं नाव सांगितलं, आईचं सांगितलं, मग बाबांचं सांगितलं. एरवी ‘र’चा ‘ल’ करणारी पोर, पण ते नाव तिनं स्वच्छ म्हटलं, एकही अक्षर न गाळता.

मालकीणबाईंच्या सुया थांबल्या. "काय म्हणाली ही? तू तर वेगळं सांगितलं होतंस."

उत्तर दोन वर्षं तयार होतं. पोर बोबडी आहे, काकू, काहीही म्हणते. ते तिच्या जिभेवर आलं. भिंगरी मान वर करून तिच्याकडे बघत होती, पाठांतर बरोबर आलं का म्हणून. चुकलं म्हटलं असतं तर पोरीनं लगेच, हसतहसत, चुकीचं शिकून घेतलं असतं.

"तिचं बरोबर आहे, काकू," टिंबताई म्हणाली. "माझं चुकलं होतं."

मालकीणबाईंनी सुया लोकरीत खोचल्या. लोकर उचलली, खुर्ची तशीच टाकून आत गेल्या. कडी लागते का म्हणून टिंबताई कान देऊन उभी राहिली. लागली नाही. हे चांगलं की वाईट, तिला कळेना.

"आई, चल ना."

भिंगरी वर चढू लागली, प्रत्येक पायरीवर दोन्ही पाय टेकवत आणि प्रत्येक पायरीला बाबांचं नाव घेत, मोठ्यानं. जिन्यात ते घुमत होतं. टिंबताईनं तिच्या तोंडावर ठेवायला हात उचलला. मग तोच हात कठड्यावर ठेवला आणि लेकीच्या मागून चढू लागली. अठरा पायऱ्या होत्या.