काट्याची ओळख

"काका, इथूनच दाखवा. यातलं कोणतं उपटायचं?" नव्या साहेबीणबाईंनी दादूला विचारलं.

रस्त्याच्या कडेचं रान काढण्यात दादूचा जन्म गेला होता. हल्ली काम एकाच तणाचं होतं. परमुलखातून आलेलं, काटेरी, एकदा बी धरलं की पार पुढच्या गावापर्यंत हातपाय पसरणारं. अडचण एवढीच, की त्याच्याच शेजारी तस्संच दिसणारं एक गरीब, बिनकाट्याचं झुडूप उगवायचं आणि ते मात्र राखायचं होतं. दादूला दोन्ही सारखीच दिसत. खरं तर अलीकडे त्याला सगळंच हिरवट धुक्यासारखं दिसे. पण गडी बिलंदर. हातमोजे खिशात घालायचा आणि पानांवरून बोटं फिरवायचा. टोचलं की उपटायचं. संध्याकाळी बायको सुईने काटे काढताना करवादायची, "अहो, ते मोजे काय शोभेला दिलेत?" तो हसून वेळ मारून न्यायचा. डोळ्यांचं त्याने तिलाही सांगितलं नव्हतं. कळलं की काम जाणार, या धास्तीने त्याची झोप उडाली होती.

मग एका गड्याचा हात काट्याने पिकला आणि मोजे सक्तीचे झाले. त्या आठवड्यात दादूने गरीब झुडपांचा फडशा पाडला, काटेरी रांग मात्र तशीच डोलत ठेवली. म्हणून तर आज बाई आल्या होत्या.

"जवळून बघतो," तो म्हणाला. पाठ फिरवून तो खाली बसला आणि हळूच मोजा काढला. पहिलं पान मऊ. दुसरं मऊ. तिसरंही मऊच. त्याला दरदरून घाम फुटला. आज मेलं एकही टोचत कसं नाही? तो चाचपत पुढे सरकला, आणि अंगठ्यात सणकन कळ गेली. त्याच्या जिवात जीव आला. झुडूप मुळासकट उपटून तो उठला आणि त्याने ते बाईंच्या नारिंगी जॅकेटपुढे धरलं.

"हेच ते, बाई! पैजेवर सांगतो."

त्याने झुडूप आणखी पुढे केलं.

"पटत नाही? जुना माणूस आहे मी."

"काका," मागून हलक्या आवाजात बाई म्हणाल्या, "मी इकडे आहे."

उकडतं म्हणून त्यांनी जॅकेट काढून वळणाच्या पाटीला अडकवलं होतं. दादूचा हात तसाच पुढे राहिला. बाई जवळ आल्या आणि त्यांनी झुडपाला हात घातला.

"सांभाळून," तो म्हणाला, "देठालासुद्धा काटे आहेत."