मेंदीच्या बोटावरचा ऑक्सिमीटर

मित्रांनो, तुमच्या मुठीत मावेन एवढासा मी एक जुना ऑक्सिमीटर आहे. बोटाला चिमट्यासारखं लागायचं आणि रक्तात प्राणवायू किती ते सांगायचं, एवढंच मला येतं.

करोनाच्या साथीत चौलच्या बाजूला एका आरोग्य केंद्रात मी आलो. तेव्हा माझा काय थाट! सोनल सिस्टर पेशंटचं नाव विचारायच्या आधी मला त्याच्या बोटाला लावायच्या आणि संध्याकाळी स्पिरिटने पुसून ठेवायच्या. त्या कौतुकाने मी जरा शेफारलोच होतो.

माझ्यात एक खोट आहे. गडद मेंदी असली की कधी कधी माझा उजेड अडतो आणि आकडा चुकतो. गेल्या वर्षी एका ठणठणीत नवरीचा आकडा पंचाण्णवच्या वर हवा, तो मी ब्याऐंशी दाखवला. सिस्टरांनी तिला रुग्णवाहिकेतून तालुक्याला धाडलं, तर तिथे तिला काहीच झालेलं नाही असं निघालं आणि वऱ्हाडी हसत परत आले. सिस्टरांना ते फार लागलं.

मग यंदा मे महिन्यात गावातल्या महेरुन्निसाचाची आल्या. लेकीचं, मंतशाचं, लग्न दोन दिवसांवर होतं. चाचींची दहाही बोटं मेंदीने रंगलेली. खोकला होता, बोलताना धाप लागत होती. मी चौऱ्याऐंशी दाखवला.

"मेंदी हाय ना चाची, म्हणून काहीतरीच दाखवतंय," सिस्टर म्हणाल्या.

"व्हय, लग्नाची दगदग हाय. दुसरं काय न्हाय," चाची हसल्या.

त्यांच्या पायांना मेंदी नव्हती. तिथे मला लावता आलं असतं. मिनिटभर श्वास मोजले असते तरी पुरलं असतं. पण खोकल्याचं औषध घेऊन त्या घरी गेल्या. मला ओरडता येत नाही, याचं इतकं दुःख कधीच झालं नव्हतं.

दुसऱ्या दिवशी दुपारी त्यांना उचलून आणलं. ओठ निळे पडले होते. या वेळी सिस्टरांनी मला पायाच्या अंगठ्याला लावलं. अठ्ठावन्न. लगेच ऑक्सिजन लावला, पण न्यूमोनियाने छाती भरली होती. चाची तालुक्याच्या वाटेवरच गेल्या.

चाचींचा चाळिसाव्या दिवसाचा विधी झाल्यावर मंतशा आली. "अम्मीचा पहिल्या दिवशीचा आकडा किती होता, सिस्टर?"

सिस्टरांनी मान खाली घातली. "मशीन बिघडलेलं होतं गं."

चोर सोडून संन्याशाला फाशी! तेव्हापासून मी कपाटात पडून आहे. सिस्टरांवर माझा राग नाही. त्या हल्ली प्रत्येकाचे श्वास घड्याळ लावून मोजतात.

मित्रांनो, माझ्यावर खुशाल शंका घ्या. पुन्हा लावून बघा, दुसरीकडे लावून बघा. पण ती शंका फिटल्याशिवाय धाप लागलेल्या माणसाला घरी पाठवू नका. मंतशाला मात्र आजही वाटतं, की तिच्या अम्मीचं दुखणं त्या दिवशी कुणालाच कळलं नव्हतं. मला कळलं होतं.