उष्टी गाडी

नर्सबाईंचं काम घरोघरी जाऊन बाळंतिणी आणि तान्ही मुलं तपासायचं. त्यांच्या जुन्या मोटरसायकलच्या फटफट आवाजाने मोठ्या मिनतवारीने निजवलेलं बाळ त्या दारात पोचताच टाहो फोडायचं. म्हणून दुचाकींच्या शोरूममध्ये गिऱ्हाइकांना फिरवून बघायला ठेवलेली विजेवरची डेमो गाडी त्यांच्या मनात भरली. आवाज नाही आणि नव्या गाडीपेक्षा बरीच स्वस्त.

नवऱ्याने नाक मुरडलं. "आल्यागेल्याने चालवलेली उष्टी गाडी! बॅटरीचे हाल कुत्रा खात नसेल."

त्याचंही खोटं नव्हतं. सीट एका अंगाला दबलेली, आरशावर ओरखडे. विक्रेत्यानेही लपवलं नाही. "वॉरंटीतलं एक वर्ष सरलंय, मॅडम."

"मग आधी टेकडी चढवून बघते," नर्सबाई म्हणाल्या.

"मी बसतो मागे," दोघांसोबत शोरूममध्ये आलेले सासरे एकदम म्हणाले. "ओझ्याशिवाय गाडीची परीक्षा कसली?"

जन्मभर बस चालवलेला हा माणूस नजर अधू झाल्यापासून घरातली खिडकी सहसा सोडत नव्हता. सुनेने हेल्मेट पुढे केलं.

चढ लागला तसा पडद्यावरचा चार्जिंगचा आकडा भराभर उतरू लागला. "बाबा, हे म्हणतात तेच खरं दिसतंय."

"मूठ केवढी पिळतेयस! मागे उभे प्रवासी आहेत असं समज. कुणाचा तोल जाता कामा नये."

त्यांनी मूठ सैल केली. गाडी संथ चढत राहिली, आकड्याची घाईही थांबली. वळणावर सासरे नेमके सुनेसोबत झुकत होते. उतारावर तर आकडा चक्क एकाने वाढला, तेव्हा म्हातारा लहान मुलासारखा हसला. "आमच्या बसने कधी डिझेल परत दिलं नाही हो!"

शोरूममध्ये नर्सबाईंनी बॅटरी यंत्रावर तपासून घेतली. थोडी थकलेली होती, पण त्यांच्या रोजच्या फेऱ्यांना पुरून उरेल इतकी धड होती. नवीन सीट मात्र भांडून मिळवली. वॉरंटीचं वर्ष गेलं ते गेलं, पण गाडी घ्यायचं ठरलं.

नवरा दोन दिवस गाडीकडे फिरकला नाही. तिसऱ्या दिवशी म्हणाला, "जरा कोपऱ्यापर्यंत नेऊन आणतो," आणि तासाभराने परतला.

सुट्टीच्या सकाळी नर्सबाई चहा ओतत होत्या. सासरे हेल्मेट घालूनच टेबलाशी येऊन बसले.

"अहो बाबा, चहा तरी घ्या."

"ओत लवकर," ते काच वर करत म्हणाले. "आज नदीकडचा रस्ता धरू."